माझी चूक, तुझी सही

दादा, तिवारीजींचा फोन आला तेव्हा मी चारबागच्या पुढे ऑटोत अडकले होते. पुढे बस, मागे बस, दोन्हीकडून हॉर्न. ते म्हणाले, "मॅडम, पाटिल जी नहीं रहे." मला ऐकू आलं, नहीं आ रहे. मी म्हणाले, "अच्छा, तो छुट्टी की अर्ज़ी भिजवाई है क्या उन्होंने?"

पलीकडून कोणी बोलेना. मला वाटलं लाइन गेली. मी पुढे बोलतच राहिले, "हॅलो? उनसे कहिए मेल कर दें, मैं फॉरवर्ड कर दूँगी." आपल्या सेक्शनचे तिवारीजी, जे सकाळी कुलूप उघडल्यापासून बोलत असतात, ते नुसते श्वास घेत होते. मग म्हणाले, "नहीं मॅडम. रहे ही नहीं."

एका अक्षराचा फरक. आज एकोणीस दिवस झाले, मी अजून त्या दोन वाक्यांच्या मधेच कुठेतरी आहे. मला सांगतात, तू इथेच, लखनऊतल्या कपूरथल्याच्या बाजारात भाजी घेत होतास. सकाळचे साडेनऊ. मेथी निवडलीस, वांगी बघितलीस, "भैया, ज़रा बैठता हूँ" म्हणून भाजीवाल्याच्या स्टुलावर बसलास आणि पाणी मागितलंस. तो पाणी घ्यायला वळला. परत वळेपर्यंत झालेलं होतं. मी त्याला जाऊन भेटले. तो मला तेच तेच सांगत राहिला, "मॅडम, गिलास मेरे हाथ में ही रह गया." मी त्याला विचारलं, काही बोलले का? नाही म्हणाला. दुखतंय म्हणाले का? नाही. मग मी विचारलं, वांगी घेतली होती का? हे मी का विचारलं, मला माहीत नाही.

महानगर मोहल्ल्यातल्या तुझ्या घरी पोचले तेव्हा पुढच्या खोलीत सोफे भिंतीला सरकवलेले, आणि तू खाली. निळा चौकड्यांचा शर्ट, इस्त्रीचा. खिशात पेन आणि पेन ड्राइव्ह. मी पहिलं वाक्य काय बोलले ठाऊक आहे? "वहिनी, तो पेन ड्राइव्ह काढून ठेवा, त्यात सर्व्हरचं सगळं आहे." नीलिमावहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी कोण, हे त्यांना आठवावं लागत होतं. मग त्यांनी खरंच वाकून तो काढला आणि माझ्या हातात दिला. प्लास्टिक गरम होतं, दादा. उन्हाने की तुझ्यामुळे, मला ठरवता येत नाही.

एकोणपन्नास हे काय वय आहे? मी रागाने विचारतेय. कालपर्यंत मला रडूही आलं नव्हतं. नुसता धक्का बसून राहिला आहे अंगात, ऑटो खड्ड्यात आपटल्यावर दात बसतात तसा. सकाळी चहा झाला की हात तुझ्या एक्स्टेन्शनकडे जातो. परवा तर लावलाही. वाजला, आणि मी वाट बघत उभी राहिले.

ऑफिसात आपण एकमेकांना आप म्हणायचो आणि घरी तू. हे कधी ठरलं नाही, आपोआप झालं. मी वनस्पतींच्या ह्या संशोधन संस्थेत कंत्राटावर लागले त्या पहिल्या दिवशी मी शिपायाला म्हणाले, "मेरे को चाबी चाहिए," आणि पलीकडच्या टेबलावरून मान वर न करता तू विचारलंस, "अकोला की अमरावती?" मी दचकून म्हणाले, "अकोला. तुम्ही?" "जळगाव. म्हणजे शेजारीच की." लखनऊहून बघितलं की जळगाव आणि अकोला शेजारीच. त्या रविवारी तू मला आणि आमच्या ह्यांना जेवायला बोलावलंस. ह्यांची रेल्वेतली नोकरी, आम्ही आलमबागला नवे, ओळखीचं कोणी नाही. वहिनींनी भरीत केलं होतं, गच्चीवर पाला पेटवून तू स्वतः वांगी भाजली होतीस आणि शेजारचे लोक काही जळतंय का बघायला आले होते. त्या दिवसापासून तू दादा.

पण मी आज भरताबद्दल लिहायला बसले नाही. दोन हजार नऊ सालच्या मे महिन्याबद्दल लिहायला बसले आहे. ते फक्त आपल्या दोघांना पूर्ण माहीत होतं. तू गेल्यावर ते मला एकटीला माहीत उरलं, आणि ते मला सोसलं नाही.

नव्या लोकांना तू लिनक्स शिकवायचास ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेज दुसऱ्या कुठल्या तरी पॅकेजच्या भरवशावर चालतं. ह्या भरवशाला डिपेंडन्सी म्हणायचं. खालचं काढलंत तर वरचं चालू शकत नाही, म्हणून मशीन वरचंही काढून टाकतं. पण काढायच्या आधी यादी दाखवतं आणि विचारतं. ती यादी वाचायची. सगळी." मग चष्म्यावरून बघून, "सगळी म्हणजे सगळी."

मी वाचली नाही.

शुक्रवार होता. तू दाताच्या डॉक्टरकडे गेला होतास. मोठ्या सर्व्हरचं अपग्रेड सकाळपासून मधेच अडकलं होतं. काहीही करायला गेलं की एकच तक्रार: डिपेंडन्सी पूर्ण होत नाही. मी दोन तास झगडले. मग इंटरनेटवर एका फोरमवर हुबेहूब तीच तक्रार सापडली, आणि खाली कोणीतरी लिहिलेलं, डेटाबेसचं अमुक एक सामायिक पॅकेज मुळासकट काढा आणि परत टाका, माझं झालं. एका ओळीची आज्ञा. मी ती उचलून चिकटवली. तिच्यात साधं 'रिमूव्ह' नव्हतं, 'पर्ज' होतं, म्हणजे मागचं काहीही न ठेवता साफ. स्क्रीनभर नावं आली. नावं वर सरकून गेली. खाली प्रश्न: हो की नाही? मी हो म्हणाले. मग एक निळी चौकट आली, डेटाही काढायचा का? मी त्यालाही हो म्हणाले, कारण त्या वेळेपर्यंत मी सगळ्यालाच हो म्हणत आले होते.

मेल गेलं. संस्थेचं वेब पान गेलं. डेस्कटॉप गेला, नेटवर्क जोडणारं गेलं. आणि अकरा वर्षं टाइप करत आणलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांच्या नोंदी, कुठल्या जंगलातून कधी कोणी काय आणलं, तो सगळा डेटाबेस माझ्या डोळ्यांसमोर तीन सेकंदांत गेला. काळ्या स्क्रीनवर पांढरा कर्सर लुकलुकत होता.  

मी तुला फोन केला. "दादा, मी काहीतरी काढलं."

"काय काढलंस?"

"सगळं."

तू म्हणालास, आणि बधिर केलेल्या जबड्यामुळे शब्द बोबडे येत होते, "मशीन चालू आहे ना? बंद करू नकोस. काही करू नकोस. कीबोर्डवरून हात काढ आणि मांडीवर ठेव. मी येतोय."

तू आलास तेव्हा अर्धं तोंड वाकडं होतं आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ती रुमालाने टिपत तू खुर्ची ओढलीस. मी हात मांडीवरच ठेवून बसले होते. तू मला एकदाही विचारलं नाहीस, असं का केलंस. हे मी आठ वर्षं आठवतेय. दुसऱ्या कोणीही विचारलं असतं.

शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवस आपण त्या खोलीत. लाइट जायची, यूपीएस किंचाळायचा, जनरेटर सुरू होईपर्यंत तू शांतपणे सामोसा खायचास, डाव्या बाजूने. "मशीन सगळं लिहून ठेवतं," तू म्हणालास आणि पॅकेज काढल्याची नोंदवही उघडलीस. दीडशेच्या आसपास नावं, ज्या क्रमाने गेली त्या क्रमाने. प्रिंटर चालत नव्हता म्हणून तू वाचलीस आणि मी कागदावर लिहिली. नेटवर्क तू हाताने पत्ता देऊन उभं केलंस. पूर्वी उतरवलेली बरीचशी पॅकेजेस मशीनच्याच एका कोपऱ्यात पडून होती, ती परत बसवत गेलो. रविवारी दुपारी गाठ आली. हे म्हणे आधी ते हवं, ते म्हणे आधी हे हवं.

मी म्हणाले, "फोर्स लावू या." जबरदस्तीने बसवायची सोय असते, मशीनला सांगायचं, भरवसा-बिरवसा बघू नकोस, बसव.

"नाही."

"दादा, उद्या सोमवार आहे. डायरेक्टर नऊ वाजता वेबसाइट उघडतात."

"उघडू देत. आज बसेल, पण पुढच्या प्रत्येक अपग्रेडला इथेच अडेल. आधी रंगीत तालीम."

तू त्याला रंगीत तालीमच म्हणायचास. आज्ञा द्यायची, पण सोबत सांगायचं की खरोखर करू नकोस, केलं असतंस तर काय झालं असतं ते फक्त दाखव. आठ तालमी झाल्या. नवव्या वेळी तू एकदम मागे टेकलास आणि म्हणालास, "अरे देवा." मी घाबरले. तू स्क्रीनवर बोट ठेवलंस. एक जुनं पॅकेज 'होल्ड'वर होतं. कोणीतरी मशीनला सांगून ठेवलं होतं की ह्याला हलवायचं नाही. म्हणून अपग्रेड अडकलं होतं, म्हणून तक्रार येत होती, म्हणून मी तो फोरम उघडला होता.

"हे कोणी ठेवलं होल्डवर?" मी विचारलं.

"मी," तू म्हणालास. "दोन वर्षांपूर्वी. विसरलो."

मग तू तो होल्ड काढलास आणि गाठ सुटली. संध्याकाळी मेल सुरू झालं, वेब पान सुरू झालं. डेटाबेसही उभा राहिला, पण बॅकअप जानेवारीअखेरचा. पुढच्या साडेतीन महिन्यांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

सोमवारी डायरेक्टरांनी तुला आत बोलावलं. मी बाहेर उभी होते. काचेतून तुझी पाठ दिसत होती आणि त्यांचा हात, टेबलावर आपटणारा. लेखी अहवाल मागितला त्यांनी. तू माझ्याशेजारी बसूनच तो लिहिलास, कागद कोपराने झाकून, शाळेतली मुलं झाकतात तसा. तो आत देऊन आलास आणि म्हणालास, "झालं. चल, नमुन्यांच्या खोलीतून रजिस्टरं आणू. साडेतीन महिने परत भरायचे आहेत."

काय लिहिलंस ते मला तीन दिवसांनी तिवारीजींकडून कळलं. "पाटिल जी ने तो सब अपने ऊपर ले लिया, मॅडम. कमांड भी अपने नाम लिख दी." जूनमध्ये माझं कंत्राट संपत होतं.

मी तुला जिन्यात गाठलं. "मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"अर्थात नाही म्हणाले असते! चूक माझी आहे."

"अपग्रेड अडकलं कशामुळे? होल्डमुळे. होल्ड कोणाचा? मग मूळ चूक कोणाची?"

"यादी न वाचता हो कोण म्हणालं?"

"हे बघ वर्षा, मी पर्मनंट आहे. मला ओरडतील. तुला काढतील. ह्यात वाद कसला?"

वादच वाद होता, दादा. आठ वर्षं आपण तो घातला. चहाच्या टपरीवर, चौकातल्या गल्लीत तुझ्या बहिणीसाठी चिकनकारीचे कुर्ते घेताना, तुझ्या ऋचाच्या वाढदिवसाला फुगे फुगवता फुगवता. मूळ कारण मोठं की शेवटचं बटण? तू म्हणायचास मूळ, मी म्हणायचे बटण. तुला त्यात गंमत वाटायला लागली होती. मला कधीच वाटली नाही. तू मला वाचवलंस आणि माझी चूकही घेऊन गेलास, आणि ती परत मागायला मी किती वेळा आले ते तुला माहीत आहे. फार जोराने कधीच मागितली नाही, हेही तुला माहीत आहे.

ते सहा आठवडे मात्र माझ्या आयुष्यातले चांगले होते. तुला सांगायचं राहिलं. नमुन्यांच्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास, पंखा फुल करता यायचा नाही कारण वाळलेली पानं उडायची. तू रजिस्टरातून वाचायचास, मी टाइप करायचे. "बहराइच. नाले का किनारा. फूल पीले, गंध हल्की." तुझ्या जळगावी हिंदीत ते सगळं एखाद्या स्थळाची माहिती सांगितल्यासारखं वाटायचं. एकदा तू एका ओळीवर थांबलास. नमुना आणणाऱ्याने शेऱ्यात लिहिलं होतं, "बारिश हो रही थी, ठीक से देख नहीं पाया." तू म्हणालास, "किती प्रामाणिक माणूस. हे पण टाक." मी टाकलं. अजून आहे ते तिथे.

तुला लेखी ताकीद मिळाली. ती सेवापुस्तिकेत चढली आणि तुझं प्रमोशन पुढे गेलं. त्या प्रमोशनबरोबर पुण्याची जागा होती. पुणे तुला कशासाठी हवं होतं, तेही मला माहीत होतं. जळगावात तुझ्या वडिलांना, आप्पांना, धाप लागायची, रात्रभर बसून काढायचे ते. पुण्याहून तुला महिन्यातून दोनदा जाता आलं असतं. पुढे एका डिसेंबरात निरोप आला, तू मिळेल त्या गाडीत बसलास, आणि धुक्यामुळे गाडी अकरा तास उशिरा. तू पोचायच्या आत चुलतभावाने अग्नी दिला होता. परत आल्यावर तू डोक्यावर टोपी घालून ऑफिसला आलास आणि पहिलं विचारलंस, बॅकअप नीट चालू आहे ना.

मी म्हणाले, "मी डायरेक्टरांकडे जाते. आजच."

"आता जाऊन आप्पा येणार आहेत का?" तू पहिल्यांदाच मला तोडून बोललास. मग लगेच, "पर्मनंट हो, मग जा. मी अडवणार नाही."

मी पर्मनंट झाले. पेढे वाटले. तू दोन खाल्लेस. डायरेक्टर बदलून गेले, नव्यांना हे काही माहीत नव्हतं, आणि मी स्वतःला सांगितलं, आता कोणाला सांगायचं? खरं सांगू? भीती गेली होती. सांगायची नड राहिली नव्हती, एवढंच.

शेवटचा शनिवार. तू म्हणालास, जुन्या सर्व्हरवर शंभर मेलेली पॅकेजेस पडली आहेत, साफ करू. मी नको म्हणाले. त्या मे महिन्यापासून मी कुठल्याच मशीनवरून काहीही काढत नाही, तुला माहीत होतं. तू हसलास, "घाबरट झालीस तू. तालीम करून बघू, मी बसतो शेजारी." मी चिडून म्हणाले, "तुझं काय जातंय? काही बिघडलं तर नाव माझं लागेल."

"माझंच लागतं नेहमी," तू म्हणालास.

थट्टेतच. तू डबा उघडत होतास, माझ्याकडे बघतही नव्हतास. पण मला ते लागलं. पर्स उचलली आणि निघाले. मंगळवारी तिवारीजींचा फोन.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. पेन्शनच्या कागदांसाठी त्या ऑफिसात गेल्या होत्या, तिथल्या कारकुनाने सेवापुस्तिका उघडून दाखवली होती. त्यांनी पानाचा फोटो काढून आणला होता. मोबाइल माझ्यापुढे धरला. "वर्षा, हे काय गं? ताकीद कसली? ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. मला म्हणाले, वरच्या लोकांचं राजकारण आहे, डायरेक्टरांचा माणूस पुण्याला जायचाय. मी त्या डायरेक्टरांच्या बायकोशी चार वर्षं बोलले नाही! गणपतीत प्रसादसुद्धा दुसऱ्याच्या हातून दिला तिला."

मला हसू आलं, दादा. खरंच आलं. आणि मग मी सांगितलं. फोरम, पर्ज, निळी चौकट, अहवाल, सगळं.  आत कुकरची शिट्टी झाली, वहिनी उठल्या, गॅस बंद करून आल्या, आणि उभ्याच राहिल्या.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"घाबरले, वहिनी."

"आणि नंतर?"

"नंतर चालून गेलं."

त्या भिंतीकडे बघत होत्या, जिथे आता तुझा फोटो आहे. "आप्पा गेले तेव्हा हे बाथरूममध्ये नळ सोडून तासभर बसले होते," त्या म्हणाल्या. "तू आता जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक पान लिहिलं. ती आज्ञा मी दिली होती, हेमंत पाटील त्या वेळी इमारतीत नव्हते, ताकीद त्यांच्या पुस्तिकेतून काढावी. होल्डबद्दलही लिहिलं, कारण तू नसताना तुझी बाजू गाळणं मला जमेना. प्रशासकीय अधिकाऱ्यांनी दोनदा वाचलं. "मॅडम, अब इसका क्या मतलब? इतने साल बाद? आप पर कार्रवाई हो सकती है, समझ रही हैं?"

"जी, समझ रही हूँ."

"और वो पन्ना हटेगा ही, इसकी कोई गारंटी नहीं."

"आप लेटर ले लीजिए सर."

त्यांनी घेतलं. शिक्का मारला. पुढे काय होईल, माहीत नाही. घरी ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, बघू. बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन मी भिंतीला टेकले आणि मला कळलं की मी तुला फोन करायला मोबाइल काढला आहे.

काल त्या पत्राची शिक्क्याची प्रत घेऊन तुझ्या घरी गेले. वहिनींनी दारातच वाचली. घडी घातली. बस म्हणाल्या नाहीत, पण कागद परतही केला नाही. मी जिना उतरले, फाटकापाशी पोचले आणि मागून चपलांचा आवाज आला.

"आत्या, रुको."

ऋचा. तुझी लेक. मराठी सगळं कळतं, उत्तर कायम हिंदीत. सुजलेले डोळे, तुझा तो मोठा राखाडी स्वेटर मार्चच्या उन्हात घातलेला. तिच्या हातात ते पत्र होतं.

"पापा ने झूठ बोला था?"

मी म्हणाले, "हाँ."

"लिखकर? साइन करके?"

"हाँ बेटा. माझ्यासाठी."

ती म्हणाली, "नाइंथ में मैंने डायरी पर उनका साइन बना दिया था. एक बार, बस एक बार. मुझे स्कूल ले गए, पूरी क्लास के सामने सॉरी बुलवाया. बोले, पाटिलों के घर में ग़लत साइन नहीं होता." तिचा आवाज चढला. "और ख़ुद?"

 ती फाटकाच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली, तोंडावर हात दाबून, खांदे हलत होते. मी शेजारी बसले. कधी ते हसणं राहिलं नाही मला कळलं नाही, आणि कधी मीही रडायला लागले तेही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. समोरून सायकलवाला गेला, शेजारच्या बाई फाटकाशी येऊन परत आत गेल्या, आम्ही बसलो होतो.

मग तिने स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं आणि अगदी ठरवून, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "तो मेरा वाला सॉरी वापस."

बघत माझ्याकडे होती, पण निरोप तुला होता, दादा. म्हणून लिहिते आहे.